मामांनी पास केलेला धूर

त्या नाट्यगृहात दोन गोष्टींना हात लावायची कुणाची छाती नव्हती. एक मुख्य पडदा आणि दुसरं धूरमामांचं मशीन. पडदा निदान प्रयोगापुरता वर जायचा. मामांचं नाक कायमचंच वर असायचं.

धूरमामा म्हणजे मंचावर धूर सोडणारा माणूस. भुताचा प्रवेश असो, डोंगरावरचं धुकं असो, नाहीतर नायिकेला पडलेलं स्वप्न असो, दिग्दर्शकाला पुढे काही सुचेनासं झालं की तो हमखास म्हणायचा, "मामा, जरा धूर सोडा." मामा मग विंगेतल्या आपल्या स्टुलावरून सावकाश उठायचे, शर्टाची बाही सरळ करायचे आणि बाळाला झोपवावं तशा हलक्या हातानं कळ दाबायचे. माणूस उंचीनं बेताचा, पोट सुटलेलं, आवाज खणखणीत. आणि नाक, अहाहा, चेहऱ्यावर दुसरं काही ठेवायला जागाच उरू नये असं.

हा धूर काही जाळून केलेला नसतो, हे मामा भेटेल त्याला धरून ऐकवायचे. ग्लायकॉल नावाचा पाण्यासारखा दिसणारा, पण बोटाला जरा चिकट लागणारा द्रव असतो. तो पाण्यात मिसळायचा, मशीनमध्ये तापवायचा. त्याची वाफ बाहेरच्या हवेत आली की धुकं होतं आणि तेच बर्फाच्या पेटीतून सोडलं की जमिनीलगत सरपटतं. पण ग्लायकॉल म्हणजे एकच नव्हे. प्रॉपिलीन ग्लायकॉल औषधाच्या दर्जाचं असलं तर ते मलमांत पडतं, खाण्याच्या इसेन्समध्ये पडतं, माणसाच्या अंगाला चालतं. तेच कारखान्याच्या दर्जाचं असलं तर रंगांना ठीक, माणसांना नको. आणि त्याचा चुलतभाऊ म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, गाडीच्या रेडिएटरमध्ये ओततात ते. चवीला म्हणे गोड, पण पोटात गेलं तर मूत्रपिंडाची वाट लावणारं. तिन्ही पेल्यांत ओतून शेजारी शेजारी ठेवले तर कुणालाही ओळखू येणार नाहीत.

"मी ओळखतो," मामा म्हणायचे, आणि नाकपुडीवर बोट ठेवायचे.

या नाकाची कीर्ती जुनी होती. मामा नवे होते तेव्हा कुणीतरी स्वस्तात एक ड्रम आणला होता. मामांनी बूच उघडलं, वास घेतला आणि सगळं नाट्यगृह डोक्यावर घेतलं. पुढे कळलं की तो कुठल्याशा शीतयंत्रातून काढलेला वापरलेला माल होता. आता खरं सांगायचं तर त्या ड्रमचा वास रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आला असता. पण बोलले आधी मामा, म्हणून नाव झालं मामांचं. तेव्हापासून धुराचा माल मामांच्या नाकाखालून गेल्याशिवाय मंचावर जायचा नाही. खोकणाऱ्या नटाला उत्तर ठरलेलं होतं, "मामांनी पास केलाय." विषय संपला.

माल यायचा तो एकाच दुकानातून. रसायनांचं दुकान, पुढे टेबल, मागे लांबलचक गोदाम. तिथले थोरले मालक मामांचे जुने स्नेही. मामा ड्रम घ्यायला गेले की मालक तीन काचेचे पेले मांडायचे, तिन्हींत वेगवेगळा माल ओतायचे आणि कशात काय आहे हे अजिबात सांगायचे नाहीत. मामा एकेक पेला नाकाशी न्यायचे. डोळे मिटायचे. दुकानातले लोक काम टाकून बघत उभे राहायचे. मग मामा एक पेला टेबलावर आपटून म्हणायचे, "हा!" आणि थोरले मालक दोन्ही हात जोडून म्हणायचे, "मामा, तुमच्या नाकाला तोड नाही." मग चहा. ड्रमवर तपासणीचा दाखला चिकटवलेला असायचा, प्रयोगशाळेचा, शिक्क्यासकट. मामा तो टरकन फाडायचे आणि त्याची सुरळी करून कान कोरायचे. नाक असताना कागद कशाला हवा?

घरी मात्र मामी या नाकाला फारसा भाव द्यायच्या नाहीत. "बाहेर एवढा तोरा, आणि घरात दूध करपून काळं झालं तरी यांना पत्ता नाही!" मामा म्हणायचे, "घरी नाकाला सुट्टी असते." हे ऐकून खळखळून हसायची ती त्यांची धाकटी लेक. थोरल्या मुलानं दूर कुठेतरी नोकरी धरली होती. धाकटी मात्र लहानपणापासून विंगेत वाढली, मामांच्या स्टुलापाशी बसून सगळ्यांची गाणी पाठ करत करत. गळा असा की तालमीत ती गायला लागली की सुतारसुद्धा हातोडी खाली ठेवायचे. आणि यंदा, इतकी वर्षं लहानसहान कामं केल्यावर, तिला पहिल्यांदाच मुख्य भूमिका मिळाली होती. मामांना तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

नाटकाचा शेवट तळ्याकाठी होता. धाकटी, म्हणजे नाटकातली बुडालेली मुलगी, मंचाच्या मधोमध एका फळीवर आडवी पडलेली असायची. चारी बाजूंनी दाट धूर, आणि त्या धुरातून नुसतं तिचं गाणं ऐकू यायचं. गाणं संपलं की फळीखालची झडप उघडायची, ती गुपचूप खाली उतरायची आणि धूर विरला की फळी रिकामी. प्रेक्षकांच्या अंगावर काटा यायचा. एवढा वेळ, एवढा दाट धूर मामांनी आयुष्यात कधी सोडला नव्हता. "माझी लेक आणि माझा धूर," ते सांगत सुटले होते, "बघाच तुम्ही!"

नाटक मंचावर येण्याच्या थोडं आधी थोरले मालक वारले. मामा ढसाढसा रडले. दुकान मालकांच्या मुलीनं हातात घेतलं. मोठी सालस पोर. मामा नवा ड्रम घ्यायला गेले तेव्हा तिनं वडिलांसारखेच तीन पेले मांडले, वडिलांसारखेच हात जोडले. "बाबा नेहमी सांगायचे, मामांच्या नाकाला तोड नाही," ती म्हणाली. मामांनी डोळे पुसले, वास घेतला आणि मधला पेला आपटला. "हा!" संध्याकाळी ड्रम पोचला. त्यावर दाखला नव्हता, हे मामांच्या ध्यानातही आलं नाही. कान कोरायला त्यांनी काडी घेतली.

नाटक चाललं. गर्दी लोटली. आणि होता होता धाकटीचा आवाज बसायला लागला.

"फ्रिजमधलं पाणी ढोसतेस तू!" मामा तिच्यावर खेकसले. "गाणाऱ्या माणसानं जिभेवर ताबा ठेवावा."

"नाही हो पीत, बाबा," ती म्हणाली. आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा. "शेवटच्या प्रवेशानंतर घसा सोलल्यासारखा होतो. रात्रभर खोकला."

"गातेस कुठून? गळ्यातून गातेस, पोटातून नाही. म्हणून होतं."

मामींनी मध्ये तोंड घातलं. "तुमचा तो धूर तर नाही ना लागत तिला?"

झालं! मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझा धूर? मी पास केलेला धूर? तीस-तीस माणसं खोकल्याशिवाय काम करून गेली या धुरात!" धाकटीनं आईला खूण केली, गप्प बस म्हणून. विषय तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फळीवर आडवी पडली आणि मामांनी पुन्हा हलक्या हातानं कळ दाबली.

ड्रम तळाला आला तसे मामा दुकानात गेले. दुपारची वेळ होती. गोदामातले टोपीवाले काका मोडलेला पाय बरा होऊन नुकतेच कामावर परतले होते. टोपीवाले म्हणजे थोरल्या मालकांच्या काळापासूनचा माणूस, ड्रम भरायचे, तोलायचे, गाडीवर चढवायचे ते हेच. त्या पायामुळेच मागच्या खेपेला ते नव्हते. मामांना बघून त्यांनी टोपी वर केली. थोरल्या मालकांची मुलगी, म्हणजे आताच्या मालकीणबाई, त्यांनी तीन पेले मांडले. मामांनी डोळे मिटले, एकेक पेला नाकाशी नेला, आणि आपटला मधला.

"हा! मागच्याचाच सख्खा भाऊ!"

"टोपीकाका, मधल्याचा ड्रम भरा," मालकीणबाई म्हणाल्या.

टोपीवाले जागचे हलले नाहीत. "ताई, मधला म्हणजे रेडिएटरचा माल. इथिलीन."

"असू दे ना. मामांनी पास केलाय."

"अहो, पास कसला?" टोपीवाल्यांनी आधी मामांकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि त्यांचा आवाज खाली आला. "मालक काय करायचे ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही होय?"

"काय करायचे?" मामांनी विचारलं.

"जाऊ द्या मामा."

"जाऊ द्या काय? बोल!"

टोपीवाल्यांनी टोपी काढून हातात घेतली. "तुम्ही कुठलाही पेला उचला, तुमची पाठ वळली की मालक मला डोळ्यानं खुणवायचे. पांढऱ्या झाकणाचा ड्रम भर, म्हणून. म्हणजे औषधाच्या दर्जाचा, दाखलेवाला. तुम्ही कधी रंगवाल्यांचा उचललात, कधी रेडिएटरचा. बरोबरचाही उचललात म्हणा, अधूनमधून. पण गाडीवर चढायचा तो पांढऱ्या झाकणाचाच. एकदाही चूक नाही झाली."

मामा हसले. म्हणजे हसायला गेले. "थट्टा करतोस का म्हाताऱ्या?"

"नाही हो. मालक म्हणायचे, माणसाला दुखवायचं कशाला, माल बरोबर गेला की झालं."

"अरे, पण वास! वास वेगळा येतो की तिन्हींचा!"

"वास नसतोच याला, मामा," टोपीवाले हळूच म्हणाले. "चांगल्या मालाला कुठल्याच नसतो. आम्हाला कुणालाच येत नाही. जन्म गेला इथे."

मामांनी मधला पेला पुन्हा उचलला. नाक आत बुडेल इतका जवळ नेला. एकदा, दोनदा, जोरात श्वास ओढला. काही नाही. काही म्हणजे काही नाही! पहिला उचलला, तिसरा उचलला. नळाच्या पाण्याला असेल तेवढाही वास नव्हता.

"मग मला इतकी वर्षं कसला वास येत होता?" त्यांनी विचारलं.

टोपीवाले टोपीच्या कडा चाचपत राहिले. आणि तेवढ्यात मालकीणबाई पुढे आल्या.

"मामा," त्या म्हणाल्या, "मला हे काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, बाबा खरंच सांगायचे. मागच्या वेळी तुम्ही जो पेला आपटला, मी तोच माल पाठवला."

"कुठला?"

"हाच. मधला."

रेडिएटरचा माल. तापवून, वाफ करून, बर्फावरून थंड करून, जमिनीलगत, दाट, जास्तीत जास्त दाट. आणि त्याच्या मधोमध तोंड उघडून गाणारी मामांची पोर.

बाई रडत होत्या. "मी खरा माल देते, आत्ता देते, मामा, डॉक्टरांना फोन करू का," असं काहीबाही बोलत होत्या. मामांना ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं. चूक त्या बिचारीची तरी काय होती? तिनं मामांवर विश्वास ठेवला, एवढीच. तिच्या बापानं कधीच ठेवला नव्हता, म्हणून इतकी वर्षं सगळे सुखरूप होते. मामा ड्रम न घेताच बाहेर पडले. आपण कुठल्या बसमध्ये चढलो, कुठे उतरलो, हे त्यांना नंतर कधीच आठवलं नाही.

नाट्यगृह रिकामं होतं. प्रयोगाला अवकाश होता. मंचावर एक कामाचा दिवा तेवढा जळत होता आणि मधोमध फळी मांडलेली होती. मामा तिच्याकडे बघत उभे राहिले. आयुष्यभर धूर सोडला, पण सोडला तो विंगेतून, मशीनच्या मागून, जिथे पंखा वारा बाहेर ढकलत असतो. धूर जिथे जाऊन साठतो तिथे ते कधी क्षणभरही थांबले नव्हते.

त्यांनी मशीन तापवलं. तळाशी उरलेला माल होताच. कळ दाबून तशीच अडकवून ठेवली, गुडघ्यांवर हात टेकत मंचावर गेले आणि लेकीच्या जागेवर उताणे पडले.

धूर आला. आधी पायांवरून, मग छातीवरून, मग तोंडावरून. वरचा दिवा दिसेनासा झाला, स्वतःचा हात दिसेनासा झाला. वास? अजूनही नव्हता. पण दुसऱ्याच श्वासाला घशात कुणीतरी कानस फिरवली. डोळ्यांतून पाणी आलं. खोकल्याची उबळ आली, आणि उबळीनंतर श्वास घ्यावा तर पुन्हा तेच आत. बाप रे! मामांनी तोंड मिटलं. मग त्यांना आठवलं की तिला मिटता येत नाही. तिला गायचं असतं, भरभरून श्वास घेऊन, वरच्या पट्टीत, सगळी कडवी. रोज. आणि रोज त्याच वेळी आपण स्टुलावर बसून मान डोलावतो.

मशीनची घरघर एकदम थांबली. कुणीतरी पळत आलं, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना बसतं केलं. धाकटी होती. रंगभूषेला ती नेहमी सगळ्यांच्या आधी यायची.

"बाबा! काय करताय? वेड लागलंय का तुम्हाला?" आवाज तर नव्हताच, नुसती फुसफुस.

मामांनी तिला सगळं सांगितलं. खोकत, अडखळत, तीन पेले, डोळ्यांची खूण, पांढरं झाकण, मधला माल. "माझ्या नाकाला काहीच येत नाही गं," ते म्हणाले, "कधीच येत नव्हतं. नुसता तमाशा होता." आणि मग, एवढा खणखणीत माणूस, लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले.

धाकटी ऐकत होती. तिचे डोळे मोठे होत गेले.

"तुला झोंबत नव्हतं का?" मामांनी विचारलं. "मग ओरडली का नाहीस? माझ्या अंगावर का नाही धावून आलीस?"

"झोंबत होतं ना," ती कुजबुजली. "सगळ्यांनाच झोंबत होतं. खालून झडप उघडणारा सुतार तर म्हणाला, मशीन बंद करा, नाहीतर मी काम सोडतो. दिग्दर्शकही ऐकायला तयार झाले होते. मीच भांडले सगळ्यांशी. म्हटलं, माझ्या बाबांनी पास केलाय, धुरात काही नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी गळ्यातून गाते म्हणून होतंय."

मामांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना रडताही येईना.

त्या दिवशीचा प्रयोग रद्द झाला. मामांनी सगळ्यांना रंगपटात बोलावून स्वतःच्या तोंडानं सांगितलं. कुणी त्यांना शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पण सुतारानं नुसता आपल्या गळ्याला हात लावून बघितला. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई सगळ्यांना स्वतः तपासायला घेऊन गेल्या. रक्त, लघवी, छाती, घसा. मूत्रपिंडं सगळ्यांची शाबूत निघाली, देवाची कृपा. धाकटीच्या स्वरतंतूंना मात्र सूज होती, ते जागोजागी सोलपटल्यासारखे झाले होते. डॉक्टरांनी बोलायलाही बंदी केली. आवाज येईल, म्हणाले. वरची पट्टी पूर्वीसारखी येईल का, हे मात्र आत्ताच सांगता येणार नाही. तिची भूमिका दुसऱ्या मुलीला मिळाली. त्या मुलीच्या तालमीला धाकटी विंगेत बसायची, मामांच्या स्टुलापाशी, लहानपणी बसायची तशी. आता मात्र मुक्यानं.

मामा काम सोडणार होते. धाकटीनं पाटीवर लिहून बजावलं की खबरदार.

काही दिवसांनी पांढऱ्या झाकणाचा ड्रम आला. टोपीवाले स्वतः घेऊन आले. सगळी मंडळी गोळा झाली आणि सवयीनं मामांच्या तोंडाकडे बघायला लागली. मामांनी बुचाला हातही लावला नाही. खिशातून चष्मा काढला, ड्रमवरचा दाखला अलगद सोडवला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो वाचला. अडखळत, मोठ्यानं. कुठला माल, कुठल्या दर्जाचा, इथिलीन आहे का, नाही. ड्रमवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा एकच का, एकच. वाचून झाल्यावर टोपीवाल्यांनी धुतलेल्या मशीनमध्ये नवा माल ओतून ते तापत ठेवलं; मामांनी तो कान कोरायचा कागद घडी करून लेकीच्या हातात दिला, मंचावर गेले आणि फळीवर उताणे पडले.

"आधी मी," ते तिथूनच ओरडले. "सोड गं. पूर्ण प्रवेशाचा सोड. बरोबर आहे माल, मी बघितलंय."

मशीनपाशी धाकटी उभी होती. तिचं बोट कळेवर गेलं आणि थांबलं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं बोट मागे घेतलं, कागदाची घडी उलगडली, दिव्याखाली धरली आणि बापानं वाचलेली प्रत्येक ओळ पुन्हा स्वतः वाचायला घेतली, अगदी पहिल्यापासून. शेवटच्या ओळीपर्यंत आल्यावर ती ड्रमपाशी गेली, आकडा बोटानं पडताळून आली आणि मग तिनं कळ दाबली.

तोवर मामा फळीवर गप्प पडून होते.